‘हँड’ म्हणजे कुठला हात?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच इंग्रजी शब्दाविषयी निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या एका शब्दालाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (सातारा, निवृत्त शिक्षिका): माझी मुलगी पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरी करते. ‘आज ऑल हँड्स आहे, फोन घेता येणार नाही,’ असे ती अधूनमधून सांगते. पाचवीतल्या नातवाने याचा अर्थ विचारला म्हणून शब्दकोश उघडला, तर ‘हँड’ या शब्दाखाली मजूर, घड्याळाचा काटा, अक्षर, टाळ्या, बाजू, पत्ते असे कितीतरी अर्थ निघाले. एका अवयवाच्या नावाला इतके अर्थ कसे फुटले आणि मुलाने ते लक्षात तरी कसे ठेवावेत?

उत्तर: नातवाला ही यादी पाठ करायला लावू नका, अशी माझी पहिली विनंती आहे. हात धरतो, राबतो, लिहितो, दाखवतो, देतो आणि घेतो; यातल्या एकेका कामाला धरून ‘हँड’चा एकेक अर्थ वाढला आहे. म्हणून वाक्यात हा शब्द भेटला की ‘येथे हात काय करतो आहे?’ एवढेच मुलाने स्वतःला विचारावे. निम्मे अर्थ त्याला कोश न उघडताच कळतील.

तुमच्या मुलीची ‘ऑल हँड्स’ सभा मुळात जहाजावरची आहे. शिडांच्या जहाजावर दोर ओढणे, शिडे गुंडाळणे, पाणी उपसणे ही सगळी कामे किती माणसे आहेत यापेक्षा किती हात आहेत यावर अवलंबून असत, आणि त्यामुळे सतराव्या शतकापासून इंग्रजीत खलाशालाच ‘हँड’ म्हणू लागले. वादळ आले की ‘सगळे हात डेकवर’ अशी हाक दिली जाई आणि पाळी संपवून झोपलेल्यालाही उठून वर यावे लागे. याच शब्दांचा एक दुःखद उपयोग आजही इंग्रजी बातम्यांत दिसतो. एखादे जहाज ‘विथ ऑल हँड्स’ बुडाले असे लिहिलेले असते, तेव्हा त्यावरचा एकही माणूस वाचला नाही, असा त्याचा अर्थ असतो. कंपनीतली सभा अर्थातच तशी नाही. शिपायापासून संचालकापर्यंत सर्वांनी हजर राहायचे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. मराठीत ‘सर्व कर्मचाऱ्यांची सभा’ असे म्हणता येईल, पण त्यात ती हाक ऐकू येत नाही, हे मान्य करायला हवे.

जहाजावरून हा शब्द शेतावर गेला आणि शेतावरून गिरणीत. इंग्लंडच्या कापडगिरण्यांत मजुरांना सरसकट ‘हँड्स’ म्हणत, आणि मुंबईत 1850 च्या दशकात गिरण्या सुरू झाल्यावर इथल्या इंग्रजी कागदपत्रांतही ‘मिल हँड्स’ असेच येऊ लागले. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची जी संघटना उभारली, तिचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ असे होते. 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंडे यांच्या चळवळीमुळे. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते. मालकाच्या हिशेबवहीत माणूस केवळ हात म्हणून मोजला जातो. त्या हातांना पोट असते, झोप असते, आठवड्याचा एक दिवस घरी बसावेसे वाटते, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. ज्यांना त्या शब्दाने मोजले, त्यांनीच तो आपल्या संघटनेच्या पाटीवर लिहून स्वतःचे म्हणणे मांडले. मराठीत आपण ‘गिरणी कामगार’ म्हटले हे चांगले झाले, कारण ‘कामगार’ या शब्दात काम करणारा अख्खा माणूस आहे.

अर्थात माणसाला हात म्हणण्याची चाल मराठीलाही परकी नाही. सुगीच्या दिवसांत ‘हात कमी पडतात’ असे शेतकरी म्हणतो. विश्वासू सहकारी हा कोणाचा तरी ‘उजवा हात’ असतो, आणि तेथे इंग्रजी व मराठी तंतोतंत जुळतात. मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून वाईट कामे करणारा तो ‘हस्तक’, ही छटा इंग्रजी ‘हँड’मध्ये नाही. उलट ‘ओल्ड हँड’ म्हणजे म्हातारा हात नव्हे. एखाद्या कामात वर्षानुवर्षे मुरलेला माणूस, असा त्याचा अर्थ आहे. त्या कामावर त्याचा ‘हात बसलेला’ असतो, असे आपण म्हणू.

लिहिणारा हात हा दुसरा मोठा गट आहे. एखाद्याचा ‘हँड’ सुंदर आहे, असे जुन्या इंग्रजीत म्हटले असेल तर ते अक्षराविषयी असते. ‘माझ्या हँडने आणि शिक्क्याने’ असे कायद्याच्या कागदावर असेल तर तेथे हँड म्हणजे सही. नातवाला येथे एक गंमत दाखवता येईल. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचे वळण, तर हिंदीत तोच शब्द सहीसाठी वापरतात. इंग्रजीने हे दोन्ही अर्थ एकाच ‘हँड’मध्ये ठेवले. आणि हस्तलिखिताला इंग्रजीत ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणतात, त्यातला ‘मॅनु’ हा लॅटिन भाषेतला हातच आहे.

घड्याळाकडे बघताना इंग्रजीला बोट दाखवणारा हात दिसला आणि मराठीला काटा दिसला. आपला काटा बाभळीवरून तराजूत गेला, तेथून घड्याळात आला आणि पुढे जेवणाच्या टेबलावरही पोहोचला. मात्र ‘सेकंड हँड’ या शब्दाची उकल मुलांना जरूर सांगावी, कारण इंग्रजीत त्याचे दोन अर्थ आहेत आणि मराठीत आपण त्यांपैकी एकच उचलला आहे. सेकंड हँड गाडी म्हणजे दुसऱ्या मालकाच्या हाती आलेली गाडी. घड्याळातला सेकंड हँड म्हणजे सेकंदकाटा. वरवर पाहता हे दोन ‘सेकंड’ वेगळे वाटतात, पण दोहोंचे मूळ एकच आहे. तासाचे पहिल्यांदा बारीक भाग केले ते मिनिट आणि दुसऱ्यांदा केले ते सेकंद, अशी लॅटिनमधली ती नावे आहेत. म्हणजे सेकंद हाही अर्थाने ‘दुसरा’च आहे.

राहिलेले अर्थ सोपे आहेत. कलाकाराला ‘बिग हँड’ द्यायचा म्हणजे भरघोस टाळ्या वाजवायच्या. ‘डाव्या हँडला’ म्हणजे डाव्या बाजूला. क्रियापद म्हणून हा शब्द आला की काहीतरी एका हातातून दुसऱ्या हातात चालले आहे, हे नक्की समजावे. ‘हँड इन’ म्हणजे सादर करणे, ‘हँड आउट’ म्हणजे वाटणे, ‘हँड ओव्हर’ म्हणजे ताबा देणे आणि ‘हँड डाउन’ म्हणजे पुढच्या पिढीकडे सोपवणे.

प्रश्न (रावेर, केळी उत्पादक): आमच्याकडे निर्यातीसाठी माल घेणारे लोक इंग्रजी पत्रक देतात. त्यात एका ‘बंच’वर किती ‘हँड’ ठेवायचे आणि ‘फिंगर’ची लांबी किती असावी, असे लिहिलेले असते. केळीला हात आणि बोटे कशी?

उत्तर: तुमच्या पत्रकातला बंच म्हणजे घड, हँड म्हणजे फणी आणि फिंगर म्हणजे एक केळे. ही काही व्यापाऱ्यांनी परवा काढलेली सांकेतिक भाषा नाही. इंग्रजीतले ते रुळलेले शब्द आहेत आणि शेतीशास्त्राच्या पुस्तकांतही तेच वापरतात. घडापासून फण्या कापून वेगळ्या करण्याच्या कामालाही इंग्रजीत ‘डीहँडिंग’ असे नाव आहे. घडाच्या टोकाकडील लहान फण्या आपण वेळीच काढून टाकतो, म्हणजे वरच्या फण्यांतली केळी चांगली भरतात. पत्रकात ‘इतकेच हँड ठेवावेत’ असे म्हटले असेल तर ते याच कामाविषयी आहे.

एकाच फळाकडे दोन भाषांनी कसे पाहिले, हे मला या पत्रामुळे पुन्हा न्याहाळता आले. देठाशी जुळलेली आणि एका बाजूला वाकलेली केळी पाहून इंग्रजीला पंजा आणि त्याची बोटे आठवली. मराठीला केस विंचरायची फणी आठवली. आपली उपमा मला अधिक नेमकी वाटते, कारण पंजाला बोटे पाचच असतात आणि फणीला दाते कितीही असू शकतात. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, आता तिची कागदपत्रे देशोदेशी जातात. इंग्रजी पत्रकात हँड लिहावा लागला तरी बागेत आणि मराठी माहितीपत्रकात फणीच असू द्यावी, तेथे ‘केळीचा हात’ लिहू नये.

प्रश्न (ठाणे, अनुवादक): एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करत आहे. त्यात घोडा ‘15.3 हँड्स’ उंच आहे, आणि पुढच्याच प्रकरणात पत्ते खेळताना नायकाला ‘गुड हँड’ मिळतो. दोन्ही ठिकाणी ‘हात’ लिहिले तर चालेल का?

उत्तर: दोन्ही ठिकाणी चालणार नाही, आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे, की मराठीतही त्याच जागी ‘हात’ हा शब्द आहे, पण तो वेगळ्या अर्थाचा आहे. परका शब्द माणूस सावधपणे वाचतो, ओळखीचा दिसला की चुकतो.

प्रथम घोडा. इंग्रजी ‘हँड’ हे माप म्हणजे अंगठ्यासह तळहाताची रुंदी. सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाच्या काळात कायद्याने ते 4 इंच ठरवले गेले आणि घोड्यांच्या बाबतीत ते आजही वापरात आहे. उंची मोजतात ती डोक्यापर्यंत नव्हे, तर मान जेथे पाठीला मिळते तेथील खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. आपला ‘हात’ मात्र कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, म्हणजे सुमारे दीड फुटाचा. तुमचा घोडा मराठीत पंधरा हातांचा केलात तर तो बावीस फुटांच्याही वर जाईल. दुसरी अडचण अशी की 15.3 हा दशांश नव्हे. बिंदूच्या पुढचा आकडा इंचांचा असतो, म्हणून याचा अर्थ 15 हँड आणि 3 इंच, म्हणजे एकूण 63 इंच. याच कारणाने 15.3 नंतर थेट 16 येते, 15.4 कधीच येत नाही. साधारणपणे 14.2 पर्यंतच्या उंचीच्या जनावराला पोनी म्हणतात आणि त्यावर घोडा, हा संकेत ठाऊक असेल तर तुमच्या लेखकाने 15.3 हा आकडा का निवडला हेही कळेल. अनुवादात ‘सव्वापाच फूट उंचीचा’ असे लिहावे.

घोड्यांचा विषय निघालाच आहे, तर ‘हँडिकॅप’ या शब्दाविषयीही लिहितो. हातात टोपी धरून भीक मागणाऱ्या अपंगांवरून हा शब्द आला, अशी कथा मोबाइलवर फिरते. ती खरी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता, त्यात पंच दोन वस्तूंच्या किमतीतला फरक ठरवी आणि खेळणारे पैजेच्या पैशांसाठी टोपीत हात घालत. ‘टोपीत हात’ यावरून त्या खेळाला हे नाव पडले. पुढे शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सर्वांना सारखी संधी देण्याच्या पद्धतीला तेच नाव मिळाले, आणि माणसाच्या शारीरिक व्यंगासाठी हा शब्द वापरात आला तो त्यानंतर कितीतरी काळाने. अपंगत्वाशी भीक जोडणारी खोटी कथा पुढे पाठवण्याआधी वाचकांनी हे लक्षात घ्यावे.

आता पत्ते. इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे वाटणीत आलेली सगळी पाने, किंवा त्या पानांवर खेळलेला एक डाव. मराठीत ‘हात’ म्हणजे प्रत्येकाने एकेक पान टाकल्यावर ज्याचे पान मोठे असेल त्याने उचललेला गट. पाच-तीन-दोन खेळताना तीस पानांत दहा हात होतात आणि ज्याने पाच हात करायचे कबूल केले त्याला ते करावेच लागतात. या आपल्या हाताला इंग्रजीत ‘ट्रिक’ म्हणतात. त्यामुळे तुमच्या नायकाला ‘चांगला हात मिळाला’ असे लिहिलेत तर मेंढीकोट खेळून वाढलेला वाचक त्याने दश्शा ओढली असे समजेल, प्रत्यक्षात मात्र खेळाला अजून सुरुवातही झालेली नसेल. ‘त्याला पाने चांगली आली’ एवढे साधे वाक्य पुरेसे आहे. पुढे त्याच नायकाने ‘शो हिज हँड’ केले तर तेथेही ‘हात दाखवला’ लिहू नका. इंग्रजीत त्याचा अर्थ मनातला बेत उघड करणे, आणि मराठीत आपण हात ज्योतिषाला दाखवतो, एसटीला दाखवतो, नाहीतर प्रतिस्पर्ध्याला दाखवतो.

हात धुण्याचीही तीच गत आहे. इंग्रजीत एखाद्या गोष्टीचे हात धुतले म्हणजे आपली जबाबदारी झटकली. बायबलमध्ये रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर हात धुऊन ‘याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही’ असे सांगतो, तेथून तो प्रयोग आला. मराठीत आपण एखाद्याच्या ‘हात धुऊन मागे लागतो’, म्हणजे नेमके उलट करतो. पिलाताच्या अर्थी आपल्याकडे ‘हात वर करणे’ किंवा ‘हात झटकणे’ आहे, तेच वापरावे.

प्रश्न (कोल्हापूर, एका वाचनालयाचा कार्यवाह): आमच्या नव्या इमारतीच्या निमंत्रणपत्रिकेत मराठीत ‘यांच्या शुभहस्ते’ असे आहे. इंग्रजी पत्रिकेत आम्ही ‘अॅट द हँड्स ऑफ’ लिहिले, तर परदेशी राहणाऱ्या एका सभासदाने ते हास्यास्पद असल्याचे कळवले. चूक काय आहे?

उत्तर: व्याकरणाची चूक नाही, अर्थाची आहे. इंग्रजीत हे शब्द बहुतेक वेळा वाईट गोष्टीपूर्वी येतात: कोणाच्या तरी हातून पराभव, छळ, मृत्यू. त्यामुळे उद्घाटन ‘अॅट द हँड्स ऑफ’ झाले असे वाचले की इंग्रजी कानाला इमारतीवर काहीतरी संकट आल्यासारखे वाटते. तेथे केवळ ‘बाय’ लिहावे. पण तुमच्या सभासदाने हास्यास्पद म्हणायला नको होते. आपल्याकडे शुभकार्यात कोणाचा हात लागतो याला मोल आहे. ‘हातगुण’ असा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्यातला माणूस उद्घाटकाचा हात पत्रिकेत घेणारच. विवाहाला आपण पाणिग्रहण म्हणतो आणि लग्न झाले की ‘दोनाचे चार हात झाले’ असेही म्हणतो.

आपल्या इंग्रजीतल्या आणखी दोन सवयी याच जातीच्या आहेत. आपण ‘हँडग्लोव्हज’ म्हणतो. इंग्रजीत ग्लोव्ह हा हातातच घालायचा असतो, त्यामुळे हँड जोडावा लागत नाही. मराठीत मात्र नुसते ‘मोजे’ म्हटले की पायमोजे डोळ्यांसमोर येतात, कारण ज्या फारसी शब्दापासून मोजा आला त्याचा अर्थच बूट, म्हणजे पायात घालायची वस्तू. म्हणून आपल्याला ‘हातमोजे’ असे स्पष्ट म्हणावे लागते आणि तो हात इंग्रजीतही शिरतो. दुसरी सवय अधिक काळजीची आहे. मराठी हात खांद्यापासून बोटांपर्यंत असतो, तर इंग्रजी हँड मनगटाशी सुरू होतो, त्याच्या वरचा भाग ‘आर्म’. दंडाचे हाड मोडलेले असताना विम्याच्या अर्जात हँड लिहिले गेले, तर तो अर्ज आणि दवाखान्याचा अहवाल जुळणार नाहीत. तेथे दंड, कोपर, मनगट, तळहात यांपैकी नेमके काय ते विचारूनच इंग्रजी शब्द लिहावा.

प्रश्न (फोंडा, महाविद्यालयीन विद्यार्थी): ‘हँड’ आणि ‘हस्त’ या दोन्ही शब्दांत ‘ह’ आहे. ते एकाच मुळाचे आहेत का?

उत्तर: नाहीत. संस्कृत आणि इंग्रजी या दूरच्या बहिणी आहेत आणि शरीराच्या काही अवयवांची नावे दोघींनी एकाच घरातून आणली आहेत: पाद आणि फूट, दन्त आणि टूथ, नासा आणि नोज, जानु आणि नी, भ्रू आणि ब्राउ, नख आणि नेल. या यादीत हाताला जागा नाही. ‘हँड’ हा जर्मन, डच, इंग्रजी या शाखेतला स्वतंत्र शब्द आहे. ‘हस्त’ची सख्खी बहीण शोधायची तर ती फारसीत सापडते, ‘दस्त’. तो आपल्याकडे दस्तऐवजातून आला, आणि घराच्या दस्ताची नोंदणी करताना आपण तो रोज उच्चारतो. ‘जबरदस्त’ या शब्दातही तोच हात आहे. ज्याचा हात वरचढ तो जबरदस्त, आणि गंमत अशी की इंग्रजीतही वर्चस्वाला ‘अपर हँड’ म्हणजे वरचा हातच म्हणतात.

हस्तापासून मराठीला हात मिळाला आणि हत्तीही मिळाला. सोंडेने हातासारखे काम करणारा, ज्याला हात आहे असा प्राणी, तो हस्तिन्. म्हणून हस्त नक्षत्राच्या पावसाला घाटावर हत्तीचा पाऊस म्हणतात, आणि त्याच दिवसांत मुली भोंडल्यासाठी पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात.